भांड्यातला वास

वाटूर
२१ जून २०२४

रुचे,

फोन करणार होते, पण फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस. शाळेत एका बाकावर बसायचो तवापासूनची तुझी आदत. त्यात मी अधीक्षिका, माझी खोली म्हणजेच वसतिगृहाचं ऑफिस, अन दाराला साठ पोरींचे कान. म्हणून पत्र.

तू दिलेली बारा भांडी बसली. काल उद्घाटन झालं. संडासाचं उद्घाटन मी पहिल्यांदाच पाह्यलं. पहिल्या दाराला लाल फीत, हळदकुंकू, नारळ. आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब कात्री घेऊन उभे, अन मागं पोरी तोंडावर ओढण्या धरून हसून राह्यल्या. नारळ कुठं फोडायचा यावर पाच मिनिटं चर्चा झाली. शेवटी बाहेरच्या पायरीवर फोडला. खोबरं मात्र कुणी हातात घेतलं न्हाई. भिंतीवर पाटी लागलीय, 'सौ. रुचि रजत आणि परिवार यांच्याकडून भेट'. संडासावर नाव लागलेली माझी तू एकलीच मैत्रीण.

थट्टा सोड. जुने संडास तू पाह्यले असतेस तर दोन दिवस जेवली नसतीस. सिमेंटचे खड्डे, कडेनं काळं शेवाळ. आता कसं पांढरंशुभ्र झालंय. पायल म्हणून नववीतली पोरगी आहे, आष्टीची. पोरींनी तिला स्वच्छतामंत्री निवडलंय अन ती ते पद लई मनावर घेते. तिनं भांड्यावरून हात फिरवला अन म्हणली, "मॅडम, ताटावानी हाय."

एक सांग. एकेक भांडं उचलायला दोन माणसं लागली. मातीची वस्तू एवढी जड कशी?

तुझी
अनवरी

•

जुना जालना
४ जुलै २०२४

प्रिय अनवरी,

पाटी मी मागितली नव्हती. ती सासऱ्यांची हौस. पपाजींना, म्हणजे अमरचंदजींना, घराण्याचं नाव कुठंही लागलेलं चालतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, पण तूच विचारलंस. कुंभाराचा माठ पाणी पितो, कारण भाजल्यावरही मातीच्या कणांमध्ये बारीक फटी राहतात. माठाला ते शोभतं. संडासाच्या भांड्यानं पाणी प्यायलं तर संपलंच सगळं. म्हणून आम्ही कारखान्यात चिनी मातीत फेल्डस्पार नावाचा दगड दळून मिसळतो. भट्टीत बाराशे अंशांच्या आसपास तो वितळतो, कणांच्या फटींमध्ये शिरतो आणि गार झाला की सगळं एकजीव होतं. आत पोकळी राहिली नाही की भांडं जड होतं.

हा दगड राजस्थानातून ट्रकनं येतो. आणि आपल्या जालन्यात लोखंडाच्या भट्ट्यांमागं स्लॅगचे डोंगर पडलेत. लोखंड वितळलं की वर जी साय धरते ना, ती थिजून झालेला दगड. कुणालाच नको असलेला. मी अर्धा फेल्डस्पार काढून त्या जागी स्लॅग दळून घातला. रजत हसला. म्हणाला, कचऱ्याची भांडी करणार का? मी आठ महिने नमुने भाजत बसले, आणि जमलं. तुझी बारा भांडी या मिश्रणाच्या पहिल्या मोठ्या भट्टीतली आहेत. फुटका तुकडा दिवसभर लाल शाईत ठेव, पुसून मधोमध फोड. शाई केसभरसुद्धा आत जात नाही.

आणखी एक. पुण्याच्या एका उद्योजक मंडळानं या मिश्रणासाठी माझी पुरस्काराला निवड केलीय. कार्यक्रम तीस नोव्हेंबरला आहे. या घरात अकरा वर्षं मी 'रजतची बायको' होते. आता पपाजी पाहुण्यांना सांगतात, ही आमची रुचि.

येशील ना पुण्याला?

रुचि

•

वाटूर
११ ऑगस्ट २०२४

रुचे,

तुझ्या बक्षिसाचं वाचून आनंद झाला. येईन मी. पण आज दुसरंच लिहायचंय, अन लिहायची शरम वाटून राह्यली.

आमच्या पोरी घाण आहेत. माझ्या पोरींबद्दल मी असं लिहीन असं वाटलं नव्हतं. तुझ्या संडासांना वास मारून राह्यलाय. साधा न्हाई. जुन्या, सडलेल्या मुताचा वास. डोळ्यांत चुरचुरतो. सकाळी धुतलं की तासभर बरं, दुपारी पुन्हा तेच. वारा फिरला की जेवणाच्या खोलीत येतो. परवा मी पोळीचा घास तोंडाजवळ नेला अन मला वाटलं, कणीक त्यातच भिजवलीय. माझ्या उशीला येतो. केस धुतले तरी येतो.

सफाईवाल्या बाईची जागा मार्चपासून रिकामी आहे. पोरींच्या पाळ्या लावल्यात. पायल म्हणते, आम्ही रोज दोनदा घासतो. मी म्हणलं, मंग वास कुठून येतो? तर मला म्हणते, "मॅडम, वास भांड्यावरून न्हाई, भांड्यातून येतो."

असं उलट उत्तर! दोन महिन्यांपूर्वीची नवीकोरी भांडी, तू एवढ्या मेहनतीनं केलेली. मला लई राग आला. जेवणाच्या रांगेत सगळ्यांसमोर मी तिचं मंत्रिपद काढलं. म्हणलं, "वास भांड्याला न्हाई, तुझ्याच अंगाला येतो." पोरी हसल्या. जरा जास्तीच बोलले, कबूल. पण त्याशिवाय वळण लागत न्हाई. आठवडाभर सगळी बाराही भांडी तिनं एकलीनं घासायची, अशी शिक्षा दिली. ॲसिडची बाटली आणून दिली.

आता पांढऱ्यावर केसासारख्या बारीक रेषा दिसून राह्यल्यात, जाळीवानी. ॲसिडनं झालं का गं? तुझी भांडी खराब केली असतील तर माफ कर. तुला तोंड कसं दाखवू?

अनवरी

•

जुना जालना
१७ ऑगस्ट २०२४

अनवरी,

घाईत लिहिते. रेषा ॲसिडनंच आल्या असणार. ते बंद कर. पाणी भरपूर टाकायला सांग. साठ पोरींना बारा भांडी म्हणजे वापर जास्त, तेव्हा वास थोडा येणारच. फिनाईलचे दोन खोके आमच्या गाडीनं पाठवते.

शिस्त लावलीस ते बरं केलंस.

अण्णासाहेबांपर्यंत हे नेऊ नकोस. उगाच विषय वाढतो.

रुचि

•

जालना
२४ सप्टेंबर २०२४

रुचि,

मी तुझ्या गावात आहे. तुझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. चार दिवस झाले दवाखान्यात बसून, पण तुझ्याकडं आले न्हाई. का, ते वाचलं की कळेल.

पायलला ताप भरला. पाठीत एवढं दुखायचं की वाकता येईना. इथं आणलं तर डॉक्टरीणबाई म्हणल्या, लघवीच्या जागेचा संसर्ग किडनीपर्यंत गेलाय. त्यांनी विचारलं, दिवसात पाणी किती पितेस? पोरगी माझ्याकडं बघायला लागली. त्यांनी मला बाहेर काढलं, मंग ती बोलली. एक गिलास. सकाळी एक गिलास, अन दिवसभर काई न्हाई. संडासात जावं लागू नये म्हणून.

मी वसतिगृहात फोन केला अन मोठ्या पोरींना एकेकीला विचारलं. सगळ्याच तसं करून राह्यल्यात. कुणी दोन गिलास, कुणी दीड. माझ्या नाकासमोर पाण्याचे माठ संध्याकाळपर्यंत भरलेले राहायचे, अन मी म्हणायचे, बरं झालं, टँकरचा खर्चा वाचला.

तिचे हात पाह्यले. बोटांच्या बेचक्यांतलं ॲसिडनं गेलेलं कातडं अजून भरून आलं न्हाई. मीच दिल्ती बाटली.

आता तुझं. इथं यायच्या तीन दिवस आधी सातव्या नंबरचं भांडं बसल्या जागी तडकलं. गवंड्यानं ते काढून फोडलं, अन रुचि, त्या फुटक्या तुकड्यांतून जो भपकारा आला, तो गवंडी सुद्धा सहन करू शकला न्हाई. बाहेर पळाला. वरती पांढरी चकाकी, अन आत सगळी करडी, छिद्राछिद्रांची माती. जाळीदार पावावानी. त्या छिद्रांमध्ये साठ पोरींचं तीन महिन्यांचं मूत मुरलेलं. मी पायरीवर ओकले.

मंग एक तुकडा धुऊन, वाळवून तुझ्या सांगण्यावानी लाल शाईत ठेवला. दुसऱ्या दिवशी फोडला. आरपार लाल.

ती पोरगी मला सांगून राह्यल्ती, वास भांड्यातून येतो. चौदा वर्षांच्या पोरीला नाकानं कळलं ते. अन मी तिला म्हणलं तुझ्या अंगाला येतो. अन तुझी माफी मागितली! तुझ्या भांड्याची!

मला एकच सांग. तुला माहीत होतं का?

अनवरी

•

जुना जालना
९ ऑक्टोबर २०२४

अनवरी,

पंधरा दिवस लावले उत्तराला. तीन पत्रं लिहून फाडली. त्यांत मी दोष भट्टीच्या गॅसच्या दाबावर ढकलला होता, पपाजींवर ढकलला होता. हे चौथं.

माहीत होतं.

छोट्या भट्टीतले नमुने खरंच चांगले होते, ते मी खोटं लिहिलं नव्हतं. अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नव्हते. पण मोठ्या भट्टीत आच भरभर चढली. स्लॅगमधून वायू निघतो, तो बाहेर पडायच्या आत वरचा चकाकीचा काचेसारखा लेप वितळून बसला आणि वायू आत कोंडला. त्याचेच फुगे तू पाहिलेस. भट्टी उघडल्यावर मी एक भांडं फोडलं, तुकडे उकळून वजन केलं. सात टक्के पाणी प्यायले होते. मी ते वहीत लिहिलंच नाही. तिथं नमुन्याचा आकडा लिहिला.

पपाजींनी विचारलं, फेकायचं काय एवढं? दिसायला तर दूध आहे. कुठंतरी देऊन टाकू, पुण्य लागेल. तुझ्या वसतिगृहाचं नाव मी सुचवलं. मी. म्हटलं, खेडेगावच्या पोरी आहेत, उघड्यावर जाण्यापेक्षा बरं. हे वाक्य मी तेव्हा मोठ्यानं बोलले होते, अनवरी.

तुझं ऑगस्टचं पत्र वाचल्या क्षणीच मला कळलं की रेषा ॲसिडच्या नाहीत. भांडं पाणी पिऊन फुगतं, तेव्हा चकाकीला तशी जाळी पडते. तरी मी तुला फिनाईल पाठवलं.

नवी भांडी तयार आहेत, पूर्ण फेल्डस्पारची. मी स्वतः तपासलीत. दिवाळीच्या सुटीत आमचे गवंडी येऊन सगळी बदलतील. पायलच्या औषधपाण्याचंही आम्ही बघतो. फक्त एक मागते. तीस नोव्हेंबरपर्यंत संस्थेत काही बोलू नकोस. त्यानंतर तू म्हणशील ते.

रुचि

•

वाटूर
१३ ऑक्टोबर २०२४

रुचि,

तुझं पत्र वाचून हात साबणानं धुतले. लहानपणी अंगणात मेलेलं काही उचललं की धुवायचे, तसे.

औषधपाण्याचं मी बघितलं. तुझं नको.

भांडी पाठव, ती पोरींसाठी पाहिजेतच. अण्णासाहेबांना मी काल सगळं सांगितलं, माझं बी अन तुझं बी. ते म्हणले, झालं ते झालं, पाटी तेवढी राहू द्या, दाते नाराज होतील. त्यांच्याबद्दल आता लिहीत न्हाई, पुन्हा हात धुवावे लागतील.

वीस तारखेला रविवार आहे. अकरा वाजता पोरी हॉलमध्ये बसतील. तू यायचं अन त्यांना सांगायचं. मी तिथं नसणार. मी पायलच्या घरी आष्टीला चाललेय. तुला सोपं व्हावं म्हणून मी बाजूला उभी राहीन, असं समजू नको.

आली न्हाईस तर न्हाई आली.

अनवरी

•

जुना जालना
२२ ऑक्टोबर २०२४

अनवरी,

पोरींनी तुला सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक.

गाडीतून उतरल्या उतरल्या वास आला. फाटकापाशीच. मी कारखान्यात, पत्रांमध्ये, टक्केवारीत तो ऐकला होता; नाकात पहिल्यांदा गेला. पोरी ओळीत बसल्या होत्या. मी भाषण लिहून नेलं होतं. 'उत्पादनात तांत्रिक त्रुटी राहिल्यामुळे' अशी सुरुवात होती. पहिल्याच वाक्याला पुढच्या रांगेतल्या लहान मुलीनं हात वर केला. लायबा की काय नाव. "त्रुटी म्हंजे काय?"

मी कागद घडी करून ठेवला. म्हटलं, भांडी खराब होती. मला ती खराब आहेत हे देण्याआधीपासून माहीत होतं. तुम्ही नीट घासत होतात. पायल खरं बोलत होती.

मला वाटलं रडतील, ओरडतील. नुसत्या बघत होत्या. मग मागून एक मोठी मुलगी उभी राहिली. अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी हेच भांडं हाय का?"

"नाही."

"मंग तुमच्या कारखान्याचं दुसरं?"

"नाही. दुसऱ्या कंपनीचं."

ती खाली बसली. हसलं कुणीच नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर त्यांनी मला जेवायला वाढलं. पाहुण्याला वाढतात तसं, आग्रह करून. भात, वांग्याची भाजी. मला घास जाईना आणि पोरी त्या वासात शांतपणे जेवत होत्या. सवय झाली होती त्यांना, अनवरी. मी दिलेली सवय. नंतर मला जावं लागलं. चौथ्या नंबरमध्ये गेले. आत दार लावलं आणि श्वास कोंडला. भांड्याची पूर्ण चकाकी पिवळी जाळी झालेली. मी तिथंच ओकले, आणि मग ते धुवायला बादली घेतली तर एक मुलगी म्हणाली, राहू द्या, आमच्या हाताला सवय हाय.

घरी येऊन दोनदा आंघोळ केली. रजत म्हणाला, एवढं काय झालं? संडासच आहे. पपाजी माझ्याशी बोलत नाहीत. नवी भांडी मात्र शनिवारी निघतील, ते मी अडू दिलं नाही. पाटी मी येताना गवंड्याकडून काढून घेतलीय.

पुण्याच्या मंडळाला खरं काय ते मी अजून लिहिलं नाही. निमंत्रणपत्रिका छापून झाल्यात. आईनं माहेराहून साडी पाठवलीय. रोज लिहायला बसते.

पायल कशी आहे? तू लिहीत नाहीस.

रुचि

•

वाटूर
२४ नोव्हेंबर २०२४

रुचि,

महिनाभर लिहिलं न्हाई, कारण सांगण्यासारखं काई नव्हतं. आता आहे.

नवी भांडी बसली. पंधरा दिवस वापरून पाह्यली. वास न्हाई. पोरी पाणी पिऊन राह्यल्यात, माठ दुपारीच रिकामे होतात. तुझं काम बराबर झालं, हे मी लिहिलंच पाहिजे, म्हणून लिहिलं.

त्या रविवारी मी आष्टीला गेल्ते. पायलचं घर बाजाराच्या मागं आहे. तिची आई भाजी विकते. तिनं मला पाट दिला, चहा दिला. मी मॅडम आहे म्हणून सगळं. पायल परसात आंघोळ करून राह्यल्ती. सकाळचे अकरा वाजलेले. आई म्हणली, "दवाखान्यातून आल्यापासून दिवसातून तीनदा करती, मॅडम. डॉक्टरनंच सांगितलं का?"

पोरगी बाहेर आली. ओले केस, हातांची कातडी लाल. दगडानं घासते म्हणे. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हणलं, चूक माझी होती. वास भांड्यातूनच येत होता, तू बराबर बोलल्ती, मी तुला लई वाईट बोलले. तिनं ऐकून घेतलं. पोरी मास्तरणीचं ऐकतात तसं, मान खाली घालून. मंग हळूच विचारलं, "मॅडम, खरं सांगा. आता येतो का माझ्या अंगाला?"

मी उठून तिला जवळ ओढलं, तिच्या केसांत नाक घातलं. न्हाई गं, म्हणलं, साबणाचा येतो. बिलकुल दुसरा न्हाई. तिनं मान हलवली. पण तिचा विश्वास बसला न्हाई, ते माझ्या हाताला कळून राह्यल्तं. अंग आखडून उभी होती. माझ्यापासून लांब व्हायची वाट बघत.

दिवाळीनंतर पुन्हा गेले. सांगितलं, नवी भांडी बसलीत, पोरी तुझी वाट पाहून राह्यल्यात, मंत्रिपद तुझंच आहे. आई तयार होती. पायल म्हणली, "मला आष्टीच्याच शाळेत जायचंय. घरून." एवढंच. मी तिला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा जीभ उचलली न्हाई.

काल तिची आई सामान न्यायला आल्ती. पेटी, चादर, दोन पुस्तकं. वसतिगृहातून पोरगी गेली की रजिस्टरात नोंद करावी लागते, अन शेवटचा रकाना असतो, 'सोडण्याचे कारण'. आमच्या क्लार्कनं तिथं लिहून ठेवल्तं, 'घरगुती अडचण'. मी ते खोडलं. लिहिलं, 'अधीक्षिकेने सर्वांसमोर केलेला अपमान'. खाली सही केली, तारीख घातली. क्लार्क म्हणला, मॅडम, हे तपासणीला येणारा साहेब वाचेल. म्हणलं, वाचू दे.

तुझं नाव त्यात लिहायला मला जागा सापडली न्हाई. तीस तारखेच्या पुण्याच्या कार्यक्रमाला सहा दिवस आहेत. तुझं तू लिही.

अनवरी